खालचा आवाज

समोरच्या शाळेत परत सुरू झालंय. साताऱ्यातल्या आमच्या गॅलरीतून त्या शाळेचं पटांगण दिसतं. दिवाळीची सुट्टी संपून आठ दिवस झाले, की सकाळी सव्वानऊच्या सुमाराला तिथनं पेटीचा आवाज यायला लागतो, आणि मी समजते की समूहगानाच्या स्पर्धा आल्या. वीस-बावीस पोरंपोरी, दोन आवाजांत बसवलेलं गाणं, आणि पेटीवर एक तरुण बाई. मी पोस्टात जायच्या गडबडीत असते. एका हातात पोळी, दुसऱ्या हातात डबा. गाण्याची दुसरी ओळ संपते आणि माझे दोन्ही हात थांबतात. आता घसरणार. हे बघा, घसरलेच. खालच्या आवाजातली पोरं चढली वर, मिसळली बाकीच्यांत, आणि बाईंनी पेटी थांबवली. परत पहिल्यापासून.

बेचाळीस वर्षांची बाई मी, पोस्टात दिवसभर माणसांची रांग हाकते, नवरा शिरवळच्या कारखान्यातनं उशिरा आला तर त्याला फाडून खाते. आणि शाळकरी पोरांच्या एका सुरासाठी माझे तळहात ओले होतात. नवऱ्याला वाटतं, मला गाण्याचं वेड आहे. वेड कसलं डोंबलाचं! तो हसतो आणि पेपर वाचायला लागतो.

ज्यांनी असं गाणं कधी म्हटलेलं नाही त्यांना सांगते. गाणं एकच असतं, शब्दही तेच, पण गाणाऱ्यांचे दोन गट करतात. वरच्या गटाला चाल मिळते, लोक घरी जाताना गुणगुणत जातात ती. खालच्या गटाला तिच्या खालून जाणारी वेगळी वाट देतात. ती एकटीच म्हटली तर गाणं वाटतच नाही. चार शब्द एकाच सुरावर, मग दोन पायऱ्या खाली, परत तिथंच. दोन्ही एकत्र आली की मात्र गाणं भरतं, त्याला जाडी येते. अवघड एवढंच, की वरची चाल कानाशी चालू असताना आपण आपल्या वाटेवर राहायचं. आपल्याकडं याची कुणाला सवयच नाही. आरतीला उभं राहिलं की सगळ्यांनी एक चाल धरायची. कुणी खाली राहिलं, भरकटलं, तर शेजारची बाई जरा आवाज चढवते, तिच्याकडं बघत बघत म्हणते आणि तिला चालीवर आणून सोडते. याला आमच्याकडं माया म्हणतात. या मायेनंच माझा घात केला, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत होते. ते खरं नव्हतं.

आमचं गाव विट्याजवळ. गावातली निम्मी गडीमाणसं सोनं गाळायच्या धंद्यात, देशभर पांगलेली. कुणी मद्रासला, कुणी पार कलकत्त्याला. माझे वडील, आप्पा, फौजेत गेले आणि फौजेनं त्यांना बँडात घेतलं. त्यांच्याकडं सगळ्यात मोठा बाजा असायचा. पितळेचा, पोटाशी धरायचा, वर घागरीएवढं तोंड. त्याला ते नुसतं 'बास' म्हणत. बाजा पलटणीचा, त्यामुळं तो घरी यायचा नाही. रजेवर येताना आप्पा फक्त त्याचं फुंकायचं तोंड आणायचे, मोज्यात गुंडाळून. ओठांची सवय जाऊ नये म्हणून रोज सकाळी गोठ्यामागं उभे राहून ते फुंकायचे. त्यातनं पुर्र, पुर्र असा आवाज निघायचा आणि म्हैस मान वळवून त्यांच्याकडं बघायची.

मी सहावी-सातवीत असताना गावात एका लग्नाला विट्याचा बँड आला होता. नामदेवअण्णा म्हणून आमच्या भावकीतले एक होते, मोठे चेष्टेखोर. त्यांनी बँडवाल्याचा मोठा बाजा काढून आप्पांच्या हातात दिला आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाले, फौजी, वाजवा एखादं गाणं. आप्पा आधी नको म्हणाले. मग घेतला. गाल फुगवले आणि वाजवलं. पॉं. मग थोडं थांबून पॉं, पॉं. मग बराच वेळ काहीच नाही, ते मनात काहीतरी मोजत होते, आणि परत पॉं. त्यांना एवढंच येत होतं. बँडातल्या चाळीस बाज्यांपैकी एकाचं काम. बाकीचे एकोणचाळीस त्यांच्या डोक्यात वाजत असतील, पण मांडवाला ते कुठं ऐकू येणार? माणसं पोट धरून हसली. अण्णांनी विचारलं, बारा वर्सं पगार कशाचा खाल्ला गड्या? आप्पांनी बाज्याचं तोंड रुमालानं पुसलं आणि परत दिलं. ते पण हसले. मी नाही हसले. त्या दिवसापासून त्यांचं नाव पॉंपॉं फौजी पडलं आणि शाळेच्या वाटेवर मी पॉंपॉंची पोरगी झाले.

अण्णा वाईट माणूस नव्हता, हे आता कळतं. आमच्या बैलाला सर्प डसला तेव्हा पहाटेपर्यंत तोच गोठ्यात बसून होता. पण तेव्हा तो रस्त्यानं येताना दिसला की मी बांधावरनं उतरून शेतातनं जायची.

नववीत जोगबाई आल्या. सांगलीच्या, पांढऱ्या काठाच्या साड्या नेसणाऱ्या, बोलायला हळू आणि गाण्यात कडक. त्यांनी स्वतः एक गाणं लिहून दोन आवाजांत बसवलं होतं. शाळूच्या राखणीचं गाणं, पाखरं हाकलणाऱ्या बाईचं. तिसरी ओळ होती, 'कणसाकणसांत दूध भरले, थांब जरा रे पाखरा'. इथं वरच्या पोरींनी चढत चढत जायचं, आणि खालच्यांनी एका सुरावर उभं राहून अगदी शेवटी खाली उतरायचं. बाईंनी एकेकीला पेटीजवळ बोलावून ऐकलं. मला वाटलं आता मला वरच्या आवाजात पहिली उभी करणार, कारण माझा आवाज चांगला होता आणि मला ते माहीत होतं. त्यांनी मला खालच्या आवाजात घातलं. सात पोरींची पुढारी म्हणून.

मी मधल्या सुट्टीत जाऊन रडले. बाईंनी समजावलं की खालच्या आवाजाला पक्क्या कानाची मुलगी लागते, बाकीच्या सहाजणी तिला धरून चालतात, तू वर गेलीस की सगळ्या तुझ्यामागून वर येतील. हा मान होता. मला त्यात फक्त पॉं, पॉं ऐकू आलं. बापाला चाल नाही, आता लेकीलाही नाही.

बाईंची शिकवायची एक पद्धत होती. बाकं भिंतीला लावायची. वरच्या अकराजणी एका कोपऱ्यात, आम्ही सातजणी समोरच्या. गाणं सुरू झालं की दर ओळीला एक पाऊल पुढं, एकमेकींकडं. लांब असताना काही वाटायचं नाही. मधोमध यायला लागलं की वरच्या पोरींचा श्वास तोंडावर यायचा, त्यांची चाल सरळ कानात शिरायची, आणि घशाला आपोआप ओढ लागायची. ती ओढ कशी सांगू? विहिरीत वाकून बघताना पाय पुढं सरकतात ना, तसं. शेजारची कल्पना माझी करंगळी इतकी दाबून धरायची की नख उमटायचं. जो गट घसरला त्यानं कोपऱ्यात परत जायचं. पहिले आठ दिवस आम्ही कोपऱ्यातच होतो.

घरी वेगळीच तऱ्हा. संध्याकाळी आई बियाण्याच्या शेंगा फोडत बसायची आणि मी बाजूला बसून माझा आवाज घोकायची. आईला कान फार चांगला. मी एकदा खरी चाल कशी आहे ती म्हणून दाखवली आणि तिनं ती दोन दिवसांत उचलली. झालं. मी खालचा सूर धरला की आई फोडत्या शेंगेवरनं नजर न काढता वरची चाल म्हणायला लागायची. मला आधार द्यायला. मी थांबून सांगायची, आई, माझं हेच आहे. ती म्हणायची, व्हय बाई, म्हन. आणि परत तिसऱ्या ओळीला तिचा आवाज माझ्याजवळ यायचा, चढायचा, मायेनं मला उचलून चालीवर ठेवायचा. एके दिवशी ती शेरडं बांधून थेट शाळेत गेली. जोगबाईंना म्हणाली, पोरीला चाल येती, घरी बराबर म्हणती, तिला मागं उभी करू नका. बाईंनी तिला पेटीजवळ बसवून सगळं समजावलं. आईनं मान डोलावली. घरी येऊन मला विचारलं, एका गाण्याच्या दोन चाली कशा आसतील गं? बाई भली हाय, पर तिचं कायतरी चुकतंय.

आप्पांचं पत्र आलं. रजा मंजूर झाली, जिल्ह्याच्या स्पर्धेला सांगलीला मी हजर राहणार. खाली एक ओळ होती, तुला कुठला पार्ट दिला आहे? फौजेतली भाषा. मी उत्तरात अभ्यासाचं लिहिलं, म्हशीचं लिहिलं, त्या ओळीचं काही लिहिलं नाही.

गेल्या बुधवारी समोरच्या शाळेतली पोरं तिसऱ्या ओळीपलीकडं गेली. म्हणजे त्यांच्या गाण्यातली ती अवघड जागा, कुठलीही ओळ असो, माझ्या डोक्यात ती तिसरीच. एक बारकी, दोन वेण्यांची मुलगी डोळे गच्च मिटून उभी होती आणि तिच्यामुळं खालचा आवाज टिकला. मी गॅलरीत कठडा धरून उभी. मला तिला ओरडून सांगावंसं वाटलं, डोळे उघडू नकोस पोरी. पोस्टात पंधरा मिनिटं उशिरा पोचले आणि साहेबांना बस चुकली म्हणून सांगितलं.

आप्पा आले तेव्हा स्पर्धेला सहा दिवस राहिले होते. मी ठरवलं होतं, त्यांच्यासमोर म्हणायचंच नाही. पण सकाळी परसात मी हळू आवाजात म्हणत होते आणि गोठ्यामागचं पुर्र थांबलं. ते ऐकत होते. मग माझ्या सुराच्याही खालनं एक जाड, हलका आवाज आला. त्यांनी तोंडानंच पॉं धरला होता, दर ओळीला दोन. आणि काय सांगू, माझा सूर हलेना. एवढे दिवस घसरणारी मी, पायाखाली फरशी आल्यासारखी उभी राहिले. गाणं संपल्यावर ते गोठ्यामागनं बाहेर आले. इतके खूश मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. म्हणाले, हे अवघड आसतंय मने. मेलडी कुनीबी वाजवतंय.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण मग ते गावात सांगत सुटले. पारावर, गिरणीत, न्हाव्याकडं, माझी पोरगी शेकंड म्हणती. बँडातली भाषा, शेकंड म्हणजे खालचा आवाज; लोकांना दुसरा नंबर वाटला. अण्णांनी विचारलं, मंजी तुमच्यावानीच का? आणि आप्पा छाती काढून म्हणाले, व्हय, माझ्यावानीच. मी गिरणीच्या दाराशी पीठ घेऊन उभी होते. कानशिलं तापली. तेव्हाच कुठंतरी माझं ठरलं असणार.

त्या सहा दिवसांत मला जेवण गेलं नाही. कोपऱ्यातनं मधोमध आम्ही आता न घसरता पोचत होतो. बाई पहिल्यांदाच हसल्या. कल्पना म्हणाली, तू आहेस म्हणून आम्ही आहोत. प्रत्येकजण माझ्यावर भार टाकत होतं आणि मी आतल्या आत सरकत होते. रात्री झोपेत आईची चाल यायची.

सांगलीला गावातनं एक टेंपो भरून माणसं आली. आप्पांनीच गोळा केली होती. आई हिरव्या लुगड्यात, नामदेवअण्णा फेटा बांधून, सगळे तिसऱ्या-चौथ्या रांगेत. आप्पा त्यांच्यात न बसता मागं भिंतीला टेकून उभे होते, कडक इस्त्रीच्या शर्टात. पडदा सरकला. दिव्यांमुळं पुढच्या रांगा स्पष्ट दिसत होत्या. पहिली ओळ नीट गेली. दुसरी नीट गेली. कल्पनाची करंगळी माझ्या हातात. तेवढ्यात अण्णांनी माझ्याकडं बघितलं, शेजारच्याला कोपर मारलं आणि गाल फुगवले.

एवढंच. आवाज काढला नाही, हसले नाहीत. गंमत म्हणून गाल फुगवले, जसे कुणीही घरच्या पोरीला बघून फुगवील.

मी वर गेले. घसरले नाही. घसरणं कसं असतं ते मला चांगलं ठाऊक होतं, आठ दिवस घसरून काढले होते. हा सरळ उचललेला पाय होता. खच्चून, स्वच्छ, माझ्या सगळ्यात चांगल्या आवाजात मी चाल म्हटली, म्हणजे कळावं सगळ्यांना की हिला चाल येते. कल्पनानं माझ्याकडं बघितलं आणि ती माझ्यामागून आली. मग बाकीच्या पाचजणी. अठरा पोरी एका चालीत. आणि गावाला काय आनंद झाला म्हणता! आईचे ओठ हलायला लागले, बायका टाळ्यांवर ठेका धरू लागल्या, शेवटी अण्णांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. आमच्या गावानं म्हटलं, पोरींनी काय जोरात म्हटलं गाणं.

जोगबाई पेटीवरनं उठल्या नाहीत. भाता बंद केला, झाकण लावलं, परत काढलं, परत लावलं. नंबर आला नाही. उत्तेजनार्थमध्येही नाव नव्हतं. मी वाट बघत होते की त्या मला बोलतील. त्या जवळ आल्या आणि म्हणाल्या, भूक लागली असेल, खाऊन घे. दुसऱ्या वर्षी त्यांची सांगलीला बदली झाली आणि परत कधी भेट झाली नाही. त्यांनी कुणापुढंही माझं नाव घेतलं नाही, हे कल्पनानं मला खूप पुढं सांगितलं.

टेंपो सुटायच्या आधी आप्पांनी मला स्टँडजवळ भडंग घेऊन दिलं. आम्ही दोघं एका कट्ट्यावर बसलो होतो. मी खाली मान घालून शेंगदाणे वेचत होते. मग म्हणाले, "मने, तू मला ऐकू आलीच न्हाईस."

त्यांनी भडंगाचा कागद माझ्याकडं सरकवला.

"डोळं झाकून हुडकत हुतो. पैल्या दोन ओळीत हुतीस. मग कुटं गेलीस ते कळंनाच."

रागावून बोलले असते तर मी उलट बोलले असते. तोंडात मारली असती तरी चाललं असतं. त्यांनी भडंगाचा कागद घडी करून खिशात ठेवला आणि आम्ही टेंपोकडं चालायला लागलो. घरी सांगताना मी म्हटलं, आई रोज चाल म्हणायची म्हणून तीच तोंडात बसली. आईला ते खरं वाटलं. तिला वाईट वाटलंच नाही, उलट बरं वाटलं, शेवटी पोरगी बराबर म्हणाली.

तेव्हापासून मी काही म्हटलेलं नाही. आरतीला ओठ हलवते. बाळाला झोपवतानासुद्धा नवऱ्याला पुढं केलं. लोकांना वाटतं मला आवाजच नाही, आणि मी वाटू देते. त्या गाण्याचं सोनं झालं ते एकट्या आईकडं. तिनं ती चाल कामाला लावली. शाळू राखताना, भाकऱ्या करताना, शेरडांमागं जाताना ती ते गाणं म्हणत राहिली, आजही म्हणते. माहेरी गेलं की चुलीशी तेच चाललेलं असतं आणि मला उठून बाहेर जावं लागतं.

आता आप्पांचे कान चाललेत. आयुष्यभर पितळेच्या मधोमध बसलेला माणूस, कानांनी किती दिवस सोसायचं? विट्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, आधी बारीक, वरचे आवाज जातात, जाडे आवाज शेवटी. पाखरं त्यांना केव्हाचीच ऐकू येत नाहीत. फोनची घंटा नाही, कुकरची शिट्टी नाही. आईचा आवाज बारीक, तोही गेला. ती आता त्यांच्याशी हातानं बोलते आणि त्यावरनं दिवसभर भांडते. ट्रॅक्टर ऐकू येतो, देवळातला ढोल येतो. कानातलं मशीन घेतलंय, ते कपाटात असतं, त्यातनं नुसती खरखर येते म्हणतात. दिवाळीला भावानं फोनवर सांगितलं, आता जाडे आवाजही कमी होत चाललेत, पुढच्या दिवाळीपर्यंत काही सांगता येत नाही. मी फोन ठेवला आणि फराळाचं सगळं तसंच टाकून बसून राहिले.

बुधवारी ती दोन वेण्यांची पोरगी टिकली. रविवारी सकाळी मी विट्याची गाडी पकडली. नवऱ्याला सांगितलं, आईला बघून येते. गाडीत खिडकीशी बसून मी मनात तिसरी ओळ धरून बघत होते, आणि ती टिकत नव्हती. रहिमतपूर गेलं, पुसेसावळी गेलं, ऊस भरलेल्या ट्रॉल्यांमागं गाडी रांगत होती, आणि मी ओळ धरत होते, सोडत होते. एवढ्या वर्षांत बंद ठेवलेला गळा. वाटेत दोनदा वाटलं, उतरावं आणि परतीची गाडी धरावी.

आप्पा ओसरीत खाटेवर बसले होते, उन्हाकडं पाठ करून. आई आत भाकऱ्या थापत होती. मी त्यांच्याजवळ बसले. बोलायचं ते गाडीत शंभरदा घोकलं होतं, पण बहिऱ्या माणसाला कबुलीजबाब देणं म्हणजे काय ते अनुभवल्याशिवाय कळणार नाही. हळू बोलून भागत नाही. मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले. शेजारच्या दारातली म्हातारी पार उठून उभी राहिली.

"आप्पा, सांगलीला मी चुकले नव्हते. मुद्दाम गेले वर. मला लाज वाटली. तुमची."

त्यांनी ऐकलं. मान हलली. मग स्वतःच्या खरखरीत तळव्याकडं बघत म्हणाले, "ठावं हाय मला. सात पोरी एकदम एका जागी चुकत न्हाईत. कुनीतरी नेतंय."

एवढी वर्षं. माणूस पत्रं लिहीत होता, माझ्या लग्नात जेवणं वाढत होता, नातवाला खांद्यावर घेत होता, आणि त्याला ठाऊक होतं. मला रडू आलं. त्यांनी ते बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि खाटेच्या माचव्यावर, कडेच्या लाकडावर, दोन बोटं आपटली. बँडवाल्याची खूण. म्हन.

मी म्हटलं. आवाज फाटका, कापरा, पहिल्या ओळीला दोनदा खोकला आला. जाडा सूर त्यांच्या कानाशी धरून म्हणत होते. त्यांचा चेहरा पुढं झाला, भुवया आवळल्या. दुसऱ्या ओळीला त्यांनी हळूच मान हलवली आणि मला कळलं, पोचलं. आता तिसरी. मी सूर धरून उभी राहिले.

आणि आत भाकरी थापायचा आवाज थांबला. आईनं चाल सुरू केली. तिला वाटलं, पोरगी परत भरकटली. पिठाच्या हातांनी ती उंबऱ्यात आली, माझ्याकडं बघत बघत, आवाज चढवत, नववीतल्या मनीला उचलून चालीवर ठेवायला. सत्तरी गाठलेला तो बारीक आवाज अजूनही तंतोतंत. माझ्या घशाला तीच ओढ लागली. मी खाटेचा माचवा दोन्ही हातांनी धरला आणि हलले नाही. ती चढत गेली, मी उभी राहिले, आणि आमच्या ओसरीत जोगबाईंचं गाणं पहिल्यांदाच दोन्ही आवाजांत भरलं.

आप्पांना तिचा आवाज येत नव्हता. त्यांना तिचे ओठ दिसत होते.

आईनं गाणं तोडलं. पिठाचा हात माझ्याकडं केला. "आगं मने, अजून चुकतीयासच की!"

आप्पांनी तिला हातानं थांबवलं. "चुकू दे तिला. तू तुझं म्हन."

आईनं कपाळाला हात लावला, त्यावर पीठ उमटलं. मग पदर खोचला आणि परत पहिल्यापासून चाल धरली. मी खालनं निघाले. आप्पांनी डोळे मिटून घेतले, माचव्यावर दोन बोटांनी मोजत राहिले, आणि तिसरी ओळ यायच्या जरा आधी त्यांनी गाल फुगवले.